गाय माजावर होती का? दुधातलं प्रोजेस्टेरॉन एलायझाने मोजताना

आमच्या आर्वी भागात गाय उलटली, म्हणजे भरवूनही (रेतन करूनही) गाभण राहिली नाही, की पहिला दोष रेतन करणाऱ्याचा, दुसरा ढेपीचा आणि उरलेला नशिबाचा. बरेचदा खरी गोष्ट वेगळीच असते: गाय माजावर नसतानाच भरवलेली असते. म्हशीचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं न दाखवणारा, रात्री येतो आणि सकाळपर्यंत सरतो. भरवल्या दिवशीचं चमचाभर दूध ठेवलेलं असेल तर नंतर याचा छडा लागतो. त्या दुधात प्रोजेस्टेरॉन हा हार्मोन कमी असेल तर माज खरा, भरपूर असेल तर त्या दिवशी माज नव्हताच.

मी दूध संस्थेच्या लहानशा लॅबमध्ये काम करते. फॅट-एसएनएफच्या (दुधातली चरबी आणि चरबी सोडून बाकीचे घन पदार्थ) पलीकडे आम्ही ही एक तपासणी करतो. नव्याने हात घालणाऱ्या मुला-मुलींसाठी हे लिहिते आहे. किटच्या डब्यातला कागद पायऱ्या सांगतो, त्या मी पुन्हा उगाळणार नाही. तो कागद शहरातल्या एसी लॅबसाठी आणि बहुधा रक्ताच्या सीरमसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे असतं दूध, कूलर आणि जाणारी-येणारी लाइट. कागद जिथे गप्प बसतो तिथलं मी सांगते.

आधी एवढं समजून घ्या की प्रोजेस्टेरॉन हा फार लहान रेणू आहे, रेणुभार साधारण ३१४. प्रथिनं याच्या कितीतरी पट मोठी. एवढ्या लहान रेणूला दोन अँटीबॉडी (ठरावीक रेणू ओळखून धरणारी प्रथिनं) दोन बाजूंनी एकाच वेळी धरू शकत नाहीत, तेवढी जागाच त्याच्यावर नसते. त्यामुळे मोठ्या प्रथिनांसाठी वापरतात ती सँडविच पद्धत इथे चालत नाही, स्पर्धा लावावी लागते. एसटीत जागा ठरलेल्या आहेत असं समजा. त्या जागा म्हणजे प्लेटला चिकटवलेल्या अँटीबॉडी. लाल टोपीवाले प्रवासी आपण स्वतः मोजून पाठवतो, म्हणजे एन्झाइम जोडलेलं प्रोजेस्टेरॉन. बिनटोपीचे प्रवासी दुधातून येतात. सगळे एकदम चढतात, बाकीच्यांना आपण धुऊन खाली उतरवतो आणि बसलेल्या टोप्या मोजतो. टोप्या कमी दिसल्या म्हणजे बिनटोपीचे जास्त आले होते.

टोपी म्हणजे एन्झाइम, आणि शेवटी रंग तेच आणतं. म्हणून इथे सगळं उलटं वाचायचं: रंग गडद तर हार्मोन कमी, रंग फिका तर हार्मोन जास्त. नवीन माणूस पहिल्या प्लेटला हमखास इथेच गोंधळतो. त्याने रजिस्टरच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं.

या युक्तीचा उगम १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये झाला. रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्यासाठी टोपीच्या जागी किरणोत्सारी आयोडीन लावलं होतं. यॅलोबाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांना मिळालं नाही. १९७१ मध्ये स्वीडनच्या एंगवॉल आणि पर्लमन यांनी किरणोत्सारी खुणेच्या जागी एन्झाइम लावलं, तीच एलायझा, आणि हे काम तुमच्या-माझ्या टेबलावर येण्याच्या लायकीचं झालं.

आणखी एक गोष्ट, किट विकत घेताना उपयोगी पडणारी. एवढ्या लहान रेणूविरुद्ध जनावराचं शरीर आपणहून अँटीबॉडी बनवत नाही. त्याला एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचावं लागतं. जोड रेणूच्या ज्या बाजूला दिली ती बाजू अँटीबॉडीला नीट दिसत नाही, उघडी राहिलेली बाजू ती ओळखते. प्रोजेस्टेरॉनसाठी अकराव्या कार्बनवरून जोडलेल्या अँटीबॉडी चांगल्या समजल्या जातात, कारण रेणूची दोन्ही टोकं उघडी राहतात आणि त्याची भावंडं, म्हणजे त्याच्यासारखेच दिसणारे इतर रेणू, वेगळी ओळखता येतात. किटच्या कागदावर क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटीचा तक्ता असतो, तो वाचल्याशिवाय किट घेऊ नका. तिथे एखाद्या भावंडासमोर १० टक्के लिहिलं असेल तर त्या भावंडाचे १० नॅनोग्रॅम यंत्राला साधारण १ नॅनोग्रॅम प्रोजेस्टेरॉनसारखे दिसतील, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुधाकडे. माझ्या मते या तपासणीचं निम्म्याहून जास्त यश प्लेटला हात लावण्याआधीच ठरलेलं असतं.

प्रोजेस्टेरॉन चरबीत विरघळतं, त्यामुळे दुधात ते मलईकडे पळतं. एकाच गाईच्या एकाच धारेचं दूध वरून घेतलं तर एक आकडा येतो आणि खालून घेतलं तर दुसरा. पहिल्या धारांत फॅट कमी असतं, शेवटच्या धारांत जास्त. आपल्याकडे वासरू लावून पान्हा सोडवतात आणि शेवटचं दूध वासरासाठी ठेवतात, म्हणजे ज्या धारांत फॅट सर्वात जास्त त्या बाटलीत येतच नाहीत. त्यात गाय चारच्या आसपास फॅटची आणि म्हैस सात-आठची. अशा दुधांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले तर आपण हार्मोन मोजला की मलई, हेच कळणार नाही.

म्हणून मी मलई काढलेल्याच दुधावर काम करते. सेंट्रिफ्यूज असेल तर दूध आधी फ्रिजमध्ये चांगलं गार करायचं आणि मग १५ मिनिटं फिरवायचं. लॅबमध्ये गर्बरचं सेंट्रिफ्यूज दिसलं की मोह होतो, पण ते ब्युटायरोमीटरसाठी, म्हणजे फॅट मोजायच्या नळीसाठी, आहे आणि फॅट लावताना सगळा मामला ६५ अंशांचा असतो. कोमट दुधात हार्मोन फॅट आणि पाणी यांच्यात वेगळ्या प्रमाणात वाटला जातो. दर वेळी एकाच तापमानाला मलई काढली तरच आजचा आकडा मागच्या आकड्याशी जुळवता येतो.

सेंट्रिफ्यूज नसेल तर नळी फ्रिजमध्ये रात्रभर उभी ठेवा. सकाळी वर मलईचं घट्ट बूच बसलेलं दिसेल. ते चमच्याने उकरू नका, तुकडे खाली मिसळतात. लांब सुईची सिरिंज घ्या आणि दट्ट्या किंचित आत दाबत, म्हणजे हवेचा एक बुडबुडा सोडत, सुई बुचातून पार करा, म्हणजे सुईच्या तोंडात मलई अडकत नाही. मग तळापासून बोटभर वर थांबून सावकाश ओढा. सुई बाहेर काढल्यावर तिच्या अंगावरची मलई कागदाने पुसा आणि मगच दूध दुसऱ्या नळीत सोडा. पुसणं टाळलंत तर एवढा खटाटोप मलईच्या एका ठिपक्यापायी वाया जातो.

गोठवायचं असेल तर मलई काढल्यावर गोठवा. अख्खं दूध गोठवून वितळवलं की फॅटचे कण फुटतात आणि पुन्हा नीट वेगळे होत नाहीत. प्लेट भरण्याएवढे नमुने जमेपर्यंत उणे २० अंशांत ठेवता आले तर उत्तम. घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर फार भरवसा ठेवू नका. लोडशेडिंगमध्ये तो वितळतो-गोठतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मी त्यात पाण्याची एक बाटली आडवी गोठवून मग उभी करून ठेवते. बर्फ एका बाजूला उभाच राहिलेला असेल तर ठीक. तळाशी सपाट जमलेला दिसला तर मधे सगळं वितळलं होतं.

रक्त का नको, असं विचारतात. रक्तही चालतं, पण गाईचं रक्त तसंच ठेवलं तर त्यातल्या तांबड्या पेशी प्रोजेस्टेरॉनचं रूपांतर करत राहतात आणि उन्हाळ्यात काही तासांत आकडा पडतो. मग गाय माजावर नसतानाही असल्यासारखी दिसते. लगेच बर्फात ठेवून प्लाझ्मा वेगळा करणं गोठ्यात कुणाला जमणार? दुधात ही भानगड नाही. शिवाय दूध मालक स्वतः काढून देतो आणि गाय लाथ मारत नाही.

दूध नासू नये म्हणून काय घालायचं, यात एक सापळा आहे. जुन्या किरणोत्सारी पद्धतीच्या काळापासून सोडियम अझाइडच्या गोळ्या वापरात आहेत आणि त्या पद्धतीत त्या चालतही होत्या. आपल्या प्लेटवरचं एन्झाइम मात्र बहुतेक किटमध्ये हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझ असतं आणि अझाइड त्यालाच मारतं. एन्झाइम मेलं की रंग फिका, आणि रंग फिका म्हणजे हार्मोन जास्त! सगळ्या गाभण नसलेल्या गाई कागदावर गाभण होतात. अझाइड नकोच. पोटॅशियम डायक्रोमेट चालतं, पण ते विषारी आहे, कॅन्सरकारक आहे. त्याने पिवळं पडलेलं दूध मोरीत, शेणखतात किंवा कुत्र्या-मांजरांच्या वाटीत जाता कामा नये. बाटली मालकाच्या हातात देत असाल तर त्यावर लाल चिठ्ठी लावा आणि तोंडानेही बजावा. शक्य असेल तिथे मी काहीच घालत नाही. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, आणि त्याच दिवशी लॅब.

प्लेटवर ९६ वेल, म्हणजे लहान खळगे, असतात. त्यात रिकामे दोन, शून्यासह सहा स्टँडर्ड (हार्मोनचं प्रमाण आधीच ठाऊक असलेली द्रावणं) दुहेरी म्हणजे बारा, एक कमी आणि एक जास्त असे दोन ओळखीचे कंट्रोल दुहेरी म्हणजे चार, आणि त्यातलाच एक कंट्रोल शेवटी पुन्हा दोन वेलमध्ये. उरले ७६, म्हणजे ३८ नमुने दुहेरी. नमुने एकेरी लावून पैसे वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सुरुवातीचा आणि शेवटचा कंट्रोल वेगळा आला तर दूध भरताना तुम्ही वेळ फार लावला असं समजा. पहिला वेल भरल्यापासून शेवटचा भरेपर्यंत स्पर्धा सुरूच असते. एन्झाइमचं द्रावण आणि शेवटी रंग थांबवणारं आम्ल दोन्ही त्याच क्रमाने, त्याच गतीने घाला.

दूध पिपेटच्या टोकाला चिकटतं. आधी एकदा ओढून सोडा, टोक बाहेरून पुसा, मगच मोजून घ्या.

किटमधले स्टँडर्ड सीरममध्ये किंवा बफरमध्ये बनवलेले असतील तर दुधाचे आकडे त्यांच्यावरून थेट वाचू नका. दुधातली प्रथिनं आणि उरलेली चरबी अँटीबॉडीच्या कामात लुडबुड करते. खऱ्या माजावर असलेल्या दोन-तीन गाईंचं मलई काढलेलं दूध एकत्र करा, त्यात थोडा सक्रिय कोळसा घालून रात्रभर थंडीत ढवळत ठेवा आणि मग कोळसा फिरवून पूर्ण काढून टाका. कोळसा उरलंसुरलं प्रोजेस्टेरॉन शोषून घेतो. हे झालं तुमचं शून्याचं दूध. त्यातच स्टँडर्ड तयार करा. प्रोजेस्टेरॉन पाण्यात विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. शेवटच्या द्रावणात अल्कोहोल एक टक्क्याच्या आत राहू द्या. हे करायला काच वापरा, साध्या प्लॅस्टिकच्या भिंतीला हा रेणू चिकटतो.

मग दोन परीक्षा. पहिली: कमी आकड्याच्या दुधात मोजून हार्मोन घाला आणि परत मिळतो का बघा. दुधात ०.४ होतं, २ घातलं आणि २.२ वाचलं, तर घातलेल्यातलं १.८ म्हणजे ९० टक्के परत मिळालं. ८० ते १२० च्या आत असेल तर मी पुढे जाते. दुसरी: जास्त आकड्याचं दूध शून्याच्या दुधात निम्मं, मग पाव करत जा. आकडाही निम्मा, पाव होत गेला पाहिजे. पातळ केल्यावर गुणाकार करून आकडा वाढतच चालला असेल तर दुधातलं काहीतरी मोजणीच्या आड येतंय. नवीन किट आलं, जनावर बदललं, गाईकडून म्हशीकडे गेलात की या परीक्षा पुन्हा घ्या. कंटाळवाण्या आहेत, पण त्यांच्याशिवाय पुढचं सगळं म्हणजे रंगीत पाणी.

कागदावर लिहिलेलं खोलीचं तापमान म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५ च्या आसपास असतं आणि खोलीला ते कळतं. लोक प्लेट कूलरसमोर नेऊन ठेवतात. ते अजिबात करू नका. झोताच्या बाजूचे वेल गार पडतात, कडेच्या वेलमधलं पाणी उडतं आणि एकाच नमुन्याचे दोन आकडे दोन दिशांना जातात. प्लेटवर चिकटपट्टी लावा, झाकणाच्या डब्यात ओला कापूस ठेवून त्यात प्लेट ठेवा आणि डबा कूलरच्या आड ठेवा. उन्हाळ्यात मी प्लेट पहाटे लावते. डिसेंबरात उलटं: खोली इतकी गार की निळा रंगच चढत नाही, तेव्हा दुपारी. फ्रिजमधून काढलेली द्रावणं आणि प्लेट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय सुरू करू नका. आजची प्लेट कालच्या स्टँडर्डवर वाचायची नाही, ही अट बारा महिने.

धुण्यासाठी बोअरचं पाणी नको, बॅटरीचं पाणीही नको. डिस्टिल्ड आणा. धुऊन झालं की प्लेट टिपकागदावर उलटी आपटा, घाबरू नका. रंगाचं द्रावण घातल्यावर अंधारात ठेवा. निळा रंग चढतो आणि आम्ल घातलं की एका क्षणात पिवळा होतो. ४५० नॅनोमीटरला दहा मिनिटांच्या आत वाचा. रीडर यूपीएसवर हवाच. आम्ल घातल्यावर लाइट गेली तर प्लेट गेली.

आकडेमोड कागदावरही जमते. रिकामा वेल ०.०६, शून्य स्टँडर्ड १.८६, तर खरं शून्य १.८०. नमुना ०.७८, रिकामा वजा केला की ०.७२. ०.७२ भागिले १.८० म्हणजे ४० टक्के. समजा २ नॅनोग्रॅमचा स्टँडर्ड ४५ टक्क्यांवर आला आणि ५ नॅनोग्रॅमचा २६ वर. लॉग कागदावर या दोघांमधली रेघ धरली तर ४० टक्के साधारण २.५ ला पडतात. साध्या आलेखकागदावर सरळ रेघ मारून वाचू नका, आकडा चढा येतो. संगणक असेल तर चार घटकांची वक्ररेषा बसवणारं सॉफ्टवेअर वापरा. मी २० ते ८० टक्क्यांच्या मधलेच आकडे लिहिते. त्यापलीकडे वक्र इतका आडवा होतो की ओडीत (रीडरने दिलेल्या रंगाच्या आकड्यात) केसभर फरक पडला तरी आकडा दुप्पट होतो. तिथे 'पेक्षा कमी' किंवा 'पेक्षा जास्त' एवढंच लिहायचं.

किती म्हणजे जास्त? रक्तात माजाच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन साधारण १ नॅनोग्रॅम प्रति मिलिच्या खाली असतं. दुधासाठी दुसऱ्याची रेषा उसनी घेऊ नका, अख्ख्या दुधाची आणि मलई काढलेल्या दुधाची रेषा तर अगदीच वेगळी. डॉक्टरांनी तपासून माजावर आहे म्हटलेल्या काही गाई आणि पक्क्या गाभण असलेल्या काही गाई घ्या, त्यांचं दूध तुमच्याच पद्धतीने लावा आणि मधली रेषा ठरवा. म्हशींसाठी वेगळी.

एकाच नमुन्यावर फार बोलू नये. भरवल्याच्या दिवशीचा, १० ते १२ व्या दिवसाचा आणि २२ ते २४ व्या दिवसाचा, असे तीन असले की चित्र उघडतं. कमी-जास्त-जास्त: वेळेवर भरवली, गाभण असू शकते. कमी-जास्त-कमी: वेळ बरोबर होती, पण राहिली नाही. तिन्ही कमी: गाय माजाच्या फेऱ्यातच नाही, आधी तिचं खाणं बघा, नुसत्या कुटारावर आहे का ते विचारा. पहिलाच जास्त: माज नव्हता, किंवा गाय आधीच गाभण होती. गाभण गाईही कधीकधी माजाची लक्षणं दाखवतात आणि तिला पुन्हा भरवलं तर गर्भ पडू शकतो. म्हणून पहिला नमुना जास्त आला तर मी संध्याकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करते. जनावराला हार्मोनचं इंजेक्शन दिलंय का, आत उपकरण बसवलंय का, हेही विचारा. बाहेरून दिलेलं प्रोजेस्टेरॉन अँटीबॉडीला वेगळं ओळखता येत नाही.

शेवटी रिपोर्ट. मालक दारातच उभा असतो: "बाई, माही गाय गाभण हाय का नाई, तेवढं सांगा ना." मी म्हणते, "काका, नाही असेल तर ठामपणे सांगते. हो असेल तर डॉक्टर सांगतील." कारण २२ ते २४ व्या दिवशी आकडा कमी असेल तर गाय गाभण नाही हे जवळपास नक्की. जास्त असेल तर गाभण असेलच असं नाही. गर्भाशयात पू झाला असेल, पीतपिंड (अंडाशयावरची प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) जिरला नसेल किंवा गर्भ नंतर जिरणार असेल, तरी त्या दिवशी आकडा जास्तच दिसतो. म्हणून रिपोर्टवर 'गाभण' हा शब्द लिहू नका. 'प्रोजेस्टेरॉन जास्त, ६० दिवसांनंतर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे' असं लिहा आणि खाली नमुन्याची तारीख, धार सकाळची की संध्याकाळची आणि दूध मलई काढून तपासलं हेही लिहा. आकडा कमी आला असेल तर रिपोर्ट त्याच दिवशी द्या. गाय पुन्हा माजावर येण्याची वेळ तीच असते, आणि कागद दोन दिवसांनी पोचला तर मालकाचे आणखी २१ दिवस जातात.